आईच्या वाट्याचा तास

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे उभं केलं, ते आपण बालशिक्षणाचं काम म्हणून ओळखतो. ते तसं आहेच. पण डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या आयांविषयी लिहायला घेतलं आणि त्या कामाकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा मुलांइतकीच त्यांच्या आयांची गोष्ट मला त्यात दिसली. मूल शाळेत का येत नाही, हे शोधता शोधता या दोघी आईच्या दिवसापर्यंत जाऊन पोहोचल्या होत्या.

ताराबाईंनी १९३६मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला होता. शहरातल्या मुलांसाठी बालशिक्षणाची घडी बसवून झाल्यावर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या. १९५७मध्ये हे काम बोर्डीहून कोसबाडला, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. तिथे बालवाडी उघडली, पण मुलं येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले, मुलगे गुरांमागे रानात, आणि सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन झोपडीच्या दाराशी. ती शाळेत आली तर धाकट्याला कोण सांभाळणार? आणि धाकट्याला कोणी सांभाळलं नाही तर आई कामाला कशी जाणार?

यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथे शिक्षक गेले, ती कुरणशाळा. आणि एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा बांधली, ती विकासवाडी. ताई वर्गात, धाकटं शेजारी पाळणाघरात आणि आई निर्धास्त. माझ्या मते महाराष्ट्रात आईच्या वेळेचा इतका खोल आणि इतका व्यवहारी विचार दुसऱ्या कोणी केलेला नाही. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गावोगाव पोहोचली. मात्र कोसबाडच्या त्या आवारातलं पाळणाघर मागेच राहिलं. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात. तीन वर्षांच्या आतलं मूल आजही आईच्या पाठीवर, आजीपाशी किंवा ताईच्या कडेवर असतं.

स्वतःसाठी वेळ काढा, हा सल्ला आपल्या मासिकांतून, मोबाइलवरून आणि डॉक्टरांच्या तोंडून आयांना रोज मिळतो. घरातले उठण्याआधी तासभर उठा, थोडं फिरा, थोडं वाचा, आवडीचं काही करा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण जिची झोप आधीच अपुरी आहे, तिला आणखी एक तास कमी झोपायला सांगणं म्हणजे तिच्याच खिशातले पैसे काढून तिला बक्षीस देण्यासारखं आहे. खरा वेळ तिच्या डोक्यावरचं एखादं काम उतरलं तरच मिळतो, आणि ते उतरवून घेणारं कोणीतरी दुसरं लागतं. नवरा, शेजारीण, सासू, अंगणवाडी, कारखाना, सरकार, कोणीतरी.

डहाणूच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात आणि तलासरीत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तलासरीच्या लोकसंख्येत दहातले नऊ आदिवासी आहेत, बहुतेक वारली. जमीन थोडी, भात एकपीक. पावसाळ्यात आवणी आणि बेणणी, दसऱ्यानंतर कापणी, आणि मग पोट भरायला बाहेर. किनाऱ्याकडच्या चिकूच्या वाड्या, डहाणूतले फुग्यांचे कारखाने, सीमेपलीकडच्या उंबरगाव आणि वापीच्या कंपन्या, तिथे बायका रोज जातात. 'कंपनीत जाते' असं म्हणणाऱ्या बाईला पहाटे टेम्पो गाठायचा असतो. त्याआधी चूल, पाणी, भाकरी, मुलांचं आवरणं. परत आल्यावर पुन्हा तेच, उलट्या क्रमाने. किनाऱ्यावर झाई, डहाणू, चिंचणीच्या मासळी विकणाऱ्या बायांचं घड्याळ आणखी निराळं. ते भरती-ओहोटीवर आणि बाजारावर चालतं. एप्रिल २०१३मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली तेव्हा विरार, बोरिवलीचा बाजार जवळ आला. दिवस मात्र लांबला.

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्या विनामोबदला कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं गेल्याचं नोंदलं आहे. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे पाच तास आणि दीड तास. आणि घरकामात हात लावणारे पुरुषच मुळात चारांत एक. पाड्यावर या पाच तासांत पाण्याची खेप आणि लाकडाची मोळी मिळवा. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो आणि मार्चनंतर विहिरी तळ गाठतात. याच पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीचं पाणी मोठ्या नळांनी वसई-विरारला पोहोचतं. तिथल्या आईच्या स्वयंपाकघरात तोटी फिरवली की जो तास वाचतो, तो पाड्यावरच्या आईला हंडा डोक्यावर घेऊन चालावा लागतो. वेळ हीसुद्धा सार्वजनिक सोय आहे, रस्त्यासारखी, दिव्यासारखी. काहींना ती मिळते, काहींना मिळत नाही.

आत्मविश्वासाचंही असंच आहे. तो मनाचा व्यायाम केल्याने येतो, आरशासमोर चांगली वाक्यं म्हटल्याने वाढतो, असं हल्ली फार सांगितलं जातं. या दोन तालुक्यांचा इतिहास वेगळंच सांगतो. ज्या वर्षाच्या अखेरीस बोर्डीची बालवाडी भरू लागली, त्याच १९४५च्या २३ मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले होते. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. सावकार-जमीनदारांची वेठ करायची नाही आणि लग्नगडी राहायचं नाही, असा निर्णय त्या सभेत झाला. लग्नासाठी थोडं कर्ज काढलं की नवराबायको दोघंही आयुष्यभर मालकाच्या घरचे गडी होत, ही लग्नगडीची चाल. मालकाच्या घरी राबणाऱ्या त्या बाईचं शरीरही मालक आपलंच समजे. आपल्या लेकराला पाजायला बसायचं की नाही, हेदेखील तिच्या हातात नव्हतं. त्या बाईला स्वतःसाठी वेळ काढ असं सांगायला गेलेल्या माणसाला काय उत्तर मिळालं असतं?

गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या. त्या पाड्यांवर राहिल्या, तिथलंच जेवल्या, मैलोन्‌मैल चालल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात भेदरलेली माणसं ताठ कशी झाली ते आहे. एकेकट्याने कोणी ताठ झालं नाही. 'नाही' हा शब्द सगळ्यांनी मिळून उच्चारला, तेव्हा तो प्रत्येकाच्या तोंडात बसला. ऑक्टोबर १९४५मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबत आणखी चौघे मारले गेले, तरी गवतकापणीचा संप मोडला नाही. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मजुरी मागून त्यांनी ती मिळवली. १९७८मध्ये याच भागात आदिवासींची कष्टकरी संघटना उभी राहिली. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चातल्या बायांचे सोललेले तळवे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यात पालघरच्याही होत्या. मुलं घरी कोणाकडे तरी ठेवूनच त्या निघाल्या असणार. सहा दिवस चालायचं बळ एका दिवसात येत नाही.

अनुताईंचं उदाहरण मला याच्या शेजारी ठेवावंसं वाटतं. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात तिथेच आयुष्य संपायचं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, दिवसभर शिकवून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी उलटली होती आणि कोसबाडचा सगळा व्याप अंगावर होता. १९८५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण पन्नाशीनंतरची ती पदवी मला जास्त मोलाची वाटते, कारण ती कोणाच्याही उपयोगासाठी नव्हती. ती त्यांची स्वतःची होती. ताराबाई तर स्वतः आई होत्या. संसार मोडल्यावर मुलीला घेऊन त्यांनी राजकोट, भावनगरला नोकरी केली. मूल सांभाळत काम करणं म्हणजे काय, हे कोसबाडच्या पाळणाघराआधी त्यांच्या घरातच त्यांनी अनुभवलं होतं.

आता भिंतीवरच्या चित्रांकडे येतो. वारली चित्रं आज साड्यांवर, कपांवर, विमानतळांच्या भिंतींवर आहेत. ती मुळात बायकांची. लग्नघरी कुडाच्या भिंतीला शेण आणि गेरू सारवून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने सवाष्णी लग्नचौक लिहितात. चौकात पालघाट देवी, भोवती नक्षी, झाडं, पाखरं, नाचणारी माणसं. चौक लिहिल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच. ती गाण्यांतून देवांना बोलावते.

या प्रथेत मला एक मोठं शहाणपण दिसतं. चौक लिहिणाऱ्या बाईला त्या वेळी पाण्याला पाठवत नाहीत, मूल रडलं म्हणून उठवत नाहीत. ते दुसरं कोणीतरी बघतं. चार-पाच जणी मिळून भिंतीशी बसतात, बोलतात, गातात, रेघ ओढतात. समाजाने हे काम पवित्र मानलं आहे, त्यामुळे तिचा वेळही पवित्र ठरतो. जिला एरवी बसायला मिळत नाही, ती तिथे तासन्‌तास बसते आणि तिच्या हातून जे उतरतं त्यापुढे सगळं घर हात जोडतं. आत्मविश्वास आणखी वेगळा काय असतो?

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी पाड्यांवर कागद आणि रंग नेले आणि चित्र भिंतीवरून खाली उतरलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं. लहानपणीच आई गेल्यावर त्यांचं बोलणं बंद झालं होतं आणि ते धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगत. अशा माणसाची रेघ एवढी बोलकी असावी यात नवल नाही. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. त्यांच्या थोरवीला कुठेही बाध न आणता एक गोष्ट नोंदवायला हवी: चित्र विधीतून बाजारात आलं, तशी चित्रकारांची नावं बहुतांशी पुरुषांची झाली. बायकांची कला का मागे पडली? माझं उत्तर पुन्हा वेळेपाशीच येतं. लग्नघरी तिच्यासाठी राखलेला वेळ होता. कागदावरचं चित्र महिनाभर चालतं, आणि त्या महिन्यात तिला पाणी, लाकूड, आवणी, मूल यांतून सुटी नव्हती. २०१४मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. आता मुली पुन्हा रंगवू लागल्या आहेत, शाळांतून, बचत गटांतून, विकण्यासाठीही. त्यांच्या आयांनी आणि नवऱ्यांनी त्यांचा तेवढा वेळ राखला, तर पुढच्या पिढीत मोठी नावं त्यांची असतील.

जेवणाविषयी थोडं जास्त लिहिणं भाग आहे. सगळ्यांना वाढून उरेल ते खायचं ही सवय पाड्यावरच नाही, आपल्या बहुतेक घरांत आहे. पण जिथे मुळात कमी शिजतं तिथे उरतही नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. नुसत्या गोळ्यांनी हे भरून निघत नाही, ताटातलं अन्न वाढावं लागतं. २०१५च्या अखेरीस राज्याने आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला दिवसातून एकदा चौरस जेवण: भात, पोळी किंवा भाकरी, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. या योजनेतलं मला सर्वांत पटलेलं कलम म्हणजे हे जेवण अंगणवाडीत बसून खायचं. शिधा घरी दिला की तो सगळ्यांच्या पोटात जातो, आणि आईच्या पोटात सर्वांत शेवटी. अंगणवाडीत ती चार जणींच्या पंगतीत बसते. तिला कोणीतरी वाढतं. अनेकींच्या आयुष्यात लग्नानंतर दुसऱ्याने गरम वाढलेलं ताट हेच असेल.

योजनेत उणिवा आहेत. पाडे विखुरलेले, अंगणवाडी लांब, आवणीच्या दिवसांत चिखल तुडवत कोण जाणार? स्थलांतर झालं की आई यादीतून निसटते. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस स्वतः आया आहेत. त्यांच्या मानधनासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं आहे. तरीसुद्धा आईची काळजी म्हणजे काय याचं इतकं साधं, इतकं खरं रूप दुसऱ्या योजनेत मला दिसत नाही. तिला उपदेश करायचा नाही. तिला बसवायचं, वाढायचं आणि तिचं जेवण होईपर्यंत बाळ दुसऱ्याने धरायचं. २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. त्यानेही फरक पडतो. कासा किंवा तलासरीच्या बँकेत आपल्या नावाने उभं राहायची वेळ अनेकींवर पहिल्यांदा आली. पण पैसा हातात आला म्हणून हंडा हलका होत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

झोपेचा विचार तर कोणी करतच नाही. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि महिनोन्‌महिने थांबले नाहीत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ रिश्टरचा धक्का बसला. लोक भर थंडीत घराबाहेर, तंबूत झोपू लागले. त्या काळात भिंतींच्या भेगांची मोजणी झाली, पंचनामे झाले, ते व्हायलाच हवे होते. मूल कुशीत घेऊन, जमीन हलली की पळायच्या तयारीत ज्या आया रात्र-रात्र जाग्या राहिल्या, त्यांच्या थकव्याचा पंचनामा कुठेच झाला नाही.

आता मुद्द्याचं. हा दिवाळी अंक तुमच्या हातात येईल तेव्हा डहाणू-तलासरीतली भातकापणी उरकत आलेली असेल आणि कुटुंबं बाहेर पडायला लागलेली असतील. वीटभट्ट्यांवर, मिठागरांत, वसईपासून मुंबईपर्यंतच्या आणि गुजरातच्या बांधकामांवर. त्यांच्यासोबत तान्ही मुलंही जातील. अंगणवाडी मागे राहील, अमृत आहार मागे राहील, आजीही मागे राहील. विटांच्या राशीशेजारी किंवा वाळूच्या ढिगावर मूल ठेवून आई काम करेल आणि दर थोड्या वेळाने मान वळवून बघेल.

यावर कायदे झाले नाहीत असं नाही. १९४८च्या कारखाना कायद्याने तीसहून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त बायका असलेल्या बांधकामावर. २००५च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यायची तरतूद झाली. २०१७मध्ये मातृत्व लाभ कायद्यात पन्नास कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघराची आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊन येण्याची तरतूद आली. अलीकडे 'पालना' योजनेतून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं केंद्र सरकारने ठरवलं आहे. कोसबाडला जे १९५७नंतर होतं, तिथे देश आता कुठे पोहोचतो आहे. आणि हे करता येतं याचा पुरावाही आहे: १९६९मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केलं, १९७२मध्ये ते काम मुंबईत आलं आणि बांधकामांवरची पाळणाघरं तिथे आजही चालतात.

त्या कायद्यांतली पन्नास बायकांची, तीस बायकांची अट मला चुकीची वाटत आली आहे. वीटभट्टीवर दहा-बारा कुटुंबं असतात. तिथलं मूल कोणत्याच कायद्यात बसत नाही. मोजायचीच तर मुलं मोजावीत, बायका नव्हे. रोजगार हमीने तेच केलं होतं.

पाड्यावरच्या घरांत जे बदलायला हवं ते मोठं नाही. नवऱ्याने पाण्याची एक खेप घ्यावी, आणि ती मदत म्हणून नव्हे, आपलं काम म्हणून घ्यावी. आठ वर्षांच्या लेकीच्या कडेवरचं बाळ तिच्या बापाने घ्यावं. आणि बाई दोन घटका नुसती बसली, शेजारणीशी बोलली, पडून राहिली, भिंतीवर चार रेघा ओढल्या, तर घरातल्या कोणी तिला 'काय करतेस?' असं विचारू नये.

शहरात राहणाऱ्या वाचकाला माझी विनंती निराळी आहे. तुमच्या सोसायटीच्या शेजारी इमारत उठत असेल तर तिथे काम करणाऱ्या बाया बहुधा कुठल्यातरी पाड्यावरून आलेल्या आहेत. बिल्डरला किंवा त्याच्या साइट इंजिनिअरला जाऊन विचारा, इथे पाळणाघर आहे का. नसेल तर तुमच्या सोसायटीची एक खोली सकाळी नऊ ते पाच त्यासाठी देता येईल का, याची चर्चा पुढच्या सभेत ठेवा, आणि मुलं सांभाळणारीला पगार द्या. तिथे येणाऱ्या पहिल्या मुलाची आई त्या दिवशी मान न वळवता काम करेल.